साहेब, कूलरच्या ताट्या तुम्हीही दरवर्षी बदलता

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
देखभाल-दुरुस्ती समिती

सा. न. वि. वि.

संस्थेचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. तुम्हाला ते कळेल, आणि नागपूरहून तासाभरात पोचून ज्यांनी तुमच्या कुट्यांमध्ये एखादी रात्र काढली आहे त्यांनाही कळेल. माझं भांडण कुणा साहेबांशी नाही. गेल्या महिन्यात तुमच्या गेटवर निविदेचा जो कागद चिकटवला आहे त्याच्याशी आहे. सहाही कुट्यांवरचं गवत उतरवायचं, पत्रा ठोकायचा आणि वर कारखान्यातून आलेल्या प्लास्टिकच्या गवताच्या झुली टाकायच्या, असं त्यात आहे. कारण एकाच शब्दात दिलं आहे : देखभालमुक्त. तो कागद मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा त्या एका शब्दासाठी.

मी कोण, ते आधी सांगतो. गाव रामटेक तालुक्यात, राहतो नागपुरात. पावसाळा आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत इलेक्ट्रिकची कामं करतो. दिवाळी झाली की मामांसोबत गवत कापायला जातो, आणि तिथून रोहिणी लागेपर्यंत छपरं शाकारतो. तुमच्या सहापैकी चार कुट्या आमच्या हातच्या आहेत. उरलेल्या दोन तुमच्या ठेकेदाराने स्वतःची माणसं लावून करून घेतल्या. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गवती छपराचं काम खालून वर जातं. वळचणीपासून सुरुवात करायची आणि थर चढवत आढ्यापर्यंत न्यायचे. पेंढी आधी झोडपून घ्यायची, म्हणजे पाला, कुसळं आणि आखूड काड्या झडतात आणि हातात सरळ लांब काडी उरते. बुडखा खाली, शेंडा वर. वरचा थर खालच्या थराला दोन तृतीयांश झाकतो. मग वरून बांबूची कमची आडवी दाबायची आणि ती आतल्या वाशाला शिवून टाकायची. शिवायलाच म्हणतो आम्ही, कारण ते शिवणंच आहे. मामांकडे हातभर लांब बांबूची सुई होती, वापरून वापरून ती तेल लावल्यासारखी गुळगुळीत झाली होती. वर बसलेला माणूस अंबाडीची दोरी ओवून सुई गवतात खुपसतो. खाली अंधारात उभा असलेला माणूस ती पकडतो, वाशाला वळसा घालतो आणि परत वर सारतो. मी दहा वर्षांचा असल्यापासून तो खालचा माणूस आहे. डोक्यावर कचरा पडतो, डोळ्यांत कुसळ जातं, सुई कुठून निघेल ते दिसत नाही, म्हणून वरचा ओरडतो, "आली!" आणि खालचा म्हणतो, "घेतली." तुमच्या चार नंबरच्या कुटीत मामा वर होते आणि मी खाली. पाच दिवस आम्ही एकमेकांशी या दोन शब्दांपलीकडे फारसं बोललो नाही.

आता तक्रारी. क्रमाने सांगायचा प्रयत्न करतो, जमेल तसा.

पहिली तक्रार उताराची. गवताच्या छपराचं निम्मं काम गवत करतं, निम्मं उतार करतो. आमच्याकडचा हिशेब सोपा आहे : खोली दहा फूट रुंद असेल तर आढं भिंतीच्या माथ्यापासून पाच फूट वर हवं. तेवढ्या उतारावर पाणी वरच्या बोटभर थरातूनच घरंगळून जातं, खालचं गवत पावसाळाभर कोरडं राहतं. उतार कमी केला की पाणी रेंगाळतं, रेंगाळलं की मुरतं आणि मुरलं की गवत कुजतं. तुमच्या नकाशात पत्र्याला चालेल असा पसरट उतार काढला होता. आम्ही हटून बसलो, आमच्या चार कुट्यांचं आढं उचलून घेतलं आणि जास्तीच्या बांबूचे पैसे पदरचे घातले. त्या दोन कुट्या मात्र नकाशाप्रमाणे झाल्या. दुसऱ्याच पावसाळ्यात त्या ठिबकायला लागल्या. तुमच्या पाहणी अहवालात काय आलं? सहा कुट्या, सहाही गळक्या, गवत टिकत नाही. कोणती कुटी, कोणतं पाखं, किती उतार, एक अक्षर नाही.

त्या अहवालात २३ सप्टेंबर २०२३ च्या पावसाचा हवाला आहे. त्या रात्री नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि लोकांच्या घरांत पाणी शिरलं. अशा रात्री गळलेल्या छपरावरून गवताची परीक्षा घ्यायची तर स्लॅबचीही घ्या. तुमच्या स्वागतकक्षाचा स्लॅब त्याच रात्री गळला होता. तिथल्या बोर्डात पाणी गेलं म्हणून दुरुस्तीला मलाच बोलावलं होतं. तो स्लॅब काढायची निविदा अजून माझ्या पाहण्यात आली नाही.

दुसरी तक्रार खरी मोठी. काम सोपवताना आम्ही एक पान लिहून दिलं होतं. दरवर्षी मृगाच्या आत छपरावर चढून पाहणं, वांदरांनी आणि पाखरांनी उपसलेल्या जागी नव्या पेंढ्या खोचणं, ढिल्या झालेल्या कमच्या आवळणं, वळचण कापून सरळ करणं, आणि आढ्यावरची वेणी दर दोन वर्षांनी नवी घालणं, कारण सगळ्यात आधी झिजतं ते आढं. दोन माणसांचं, कुटीमागे दीड दिवसाचं काम. पहिली दोन वर्षं तुम्ही बोलावलंत. मग साहेब बदलले. नव्या साहेबांनी सांगितलं की दरसूचीत, म्हणजे कामांच्या ठरलेल्या दरांच्या सरकारी यादीत, गवताची बाबच नाही, त्यामुळे बिल कशात टाकायचं ते कळत नाही. पत्रा बसतो, फरशी बसते, रंग बसतो. गवत बसत नाही. त्याच वर्षी गेटला दोनदा रंग लागला.

मी चार वेळा येऊन गेलो. एकदा म्हणालो, बिल राहू द्या, नुसतं चढू द्या. तर उत्तर मिळालं की विमा नाही, पडलात तर जबाबदारी कोणाची. हे उत्तर चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. पण मग विमा काढायला कोणी अडवलं होतं?

साहेब, नागपुरातल्या कुठल्याही घरात जा. मार्च सरला की माणूस कूलर बाहेर काढतो, जुन्या ताट्या, म्हणजे ज्यांवरून पाणी झिरपतं ते कडेचे पडदे, फेकतो, बर्डीच्या बाजारातून नाहीतर कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून नव्या आणतो, ज्याला परवडतं तो वाळ्याच्या आणतो. ताट्या दरवर्षी बदलाव्या लागतात म्हणून कूलर टाकाऊ आहे, असं म्हणणारा नागपूरकर मला आजवर भेटला नाही. कवेलूंचं, म्हणजे छपरावरच्या कौलांचं, तेच. आपल्याकडे पावसाआधी कवेलू फेरायचे म्हणजे फेरायचे, त्याची कोणी फाईल करत नव्हतं. आणि सेवाग्राम इथून किती लांब आहे? गांधीजी तिथं १९३६ मध्ये राहायला आले. माती, बांबू आणि कवेलूंची ती कुटी अजून उभी आहे, कारण कोणीतरी रोज तिच्याकडे बघतं. पावसाळ्याच्या तोंडाशी तिच्या भिंतींना शिंदीच्या पानांच्या झांजी बांधतात, पाऊस सरला की सोडतात. तुमच्या भाषेत ती 'देखभालयुक्त' आहे.

तिसरी गोष्ट तांत्रिक आहे, पण ती कळली तर पुढचं पुष्कळ सोपं होईल. पूर्वी गवताच्या घरात चूल असायची. धूर छपरातून हळूहळू बाहेर झिरपायचा, गवत आतून कोरडं ठेवायचा आणि किडा-उधई लांब ठेवायचा. आमच्या आजीच्या घराचं आढं आतून डांबर फासल्यासारखं काळं होतं आणि बांबूला घुण कसा तो लागला नव्हता. तुमच्या कुट्यांत पाहुणे उतरतात, तिथं चूल पेटवा असं मी सांगणार नाही. पण तुम्ही चौथ्या वर्षी काय केलंत? कचरा पडतो अशी पाहुण्यांची तक्रार आली म्हणून गवताच्या खालून प्लास्टिकचा कागद ताणून ठोकलात आणि खोलीत एसी बसवलात. आता गवताला श्वास घ्यायला जागा नाही. वरून पावसाचा दमटपणा, खालून एसीच्या गारव्याने कागदावर धरणारं पाणी. गेल्या उन्हाळ्यात तीन नंबरच्या कुटीत मी त्या कागदाचा एक कोपरा उचलून पाहिला. वरचं गवत खणखणीत वाजत होतं आणि कागदाला टेकलेलं गवत हातात घेतलं तर शेणासारखं दाबलं जात होतं. छप्पर वरून कुजलं असतं तर मी गवताला दोष दिला असता. तिथं बांबूची चटई लावली असती तर कचराही थांबला असता आणि हवाही खेळती राहिली असती. आपल्या जिल्ह्यात बुरडांची कमी आहे का?

चौथी गोष्ट आगीची. इथं मी तुमच्याशी वाद घालणार नाही, उलट तुमच्यापेक्षा कडक बोलेन. २००४ मध्ये तमिळनाडूत कुंभकोणमच्या एका शाळेत स्वयंपाकघरातून उठलेली आग गवती छपरावर चढली आणि ९४ मुलं गेली. त्यामुळे शाळेवर, दवाखान्यावर, स्वयंपाकघरावर गवत घाला असं कोणी म्हणालं तर पहिला विरोध माझा. पण तुमच्याकडे आगीच्या नावाखाली गवत काढायचं ठरलं आणि वायरिंग तसंच राहिलं. सहाही कुट्यांत उघडी वायर वाशावरून गवताला चिकटून नेली आहे. हे मी इलेक्ट्रिशियन म्हणून सांगतो : काम चालू असताना मी हरकत घेतली होती, पाइपातून न्या, गवतापासून हातभर दूर ठेवा, प्रत्येक कुटीला वेगळी ट्रिप होणारी स्विच द्या. दुसऱ्याचा ठेका होता, माझं कोण ऐकतो. त्याच वायरीवर आता तुम्ही प्लास्टिक अंथरणार आहात. प्लास्टिक पेटलं की वितळतं, आणि ते थेंब खाली झोपलेल्या माणसावर पडतात.

माझी भाची नागपुरात आर्किटेक्चर शिकते. तिने मला दोन गोष्टी दाखवल्या. लंडनमध्ये १६६६ च्या मोठ्या आगीनंतर गवती छपराला परवानगीच मिळत नव्हती. तरी १९९७ मध्ये तिथं ग्लोब नावाचं नाट्यगृह पुन्हा उभारलं तेव्हा गवताच्या छपराला परवानगी मिळाली, छपरावर पाण्याचे फवारे बसवून. जुनं ग्लोब १६१३ मध्ये नाटकातल्या तोफेची ठिणगी छपरात पडून जळालं होतं, म्हणजे त्यांना भीती तुमच्याहून जास्तच असणार. दुसरी गोष्ट जपानच्या शिराकावा-गो गावाची. १९९५ पासून ते जागतिक वारशात आहे, घरंच्या घरं गवताची. तिथं दरवर्षी गावभरच्या पाण्याच्या तोफा एकदम सोडून आगीची तालीम करतात. मला तोफा नकोत. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने मातीत पातळ डांबर कालवून गवतावर द्यायचा लेप काढला आहे, तो आतून द्या, बाहेर एक बोअरचा नळ आणि लांब पाइप ठेवा, बस.

पाचवी गोष्ट, ऊन. नागपूरला मी ऊन समजावून सांगावं म्हणजे कमालच. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंश नोंदले गेले. (२०२४ च्या मे अखेरीस एका यंत्राने ५६ दाखवले, मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. पण तो आकडा ऐकून आमच्या वस्तीत कोणालाही आश्चर्य वाटलं नव्हतं.) गवताच्या काडीत आणि दोन काड्यांमध्ये हवा अडकलेली असते, म्हणून ते तापायला वेळ घेतं आणि आत उष्णता ढकलत नाही. मेच्या दुपारी तुमच्या चार नंबरमध्ये एसी बंद करून अर्धा तास बसून बघा. मग पार्किंगच्या पत्र्याखाली बसा. नव्या निविदेत गवत दिसेल वर आणि घर असेल पत्र्याचं. एसीचं बिल देखभालीत धरत नाहीत का? शिवाय ते प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होतं, काही वर्षांत त्याचे तुकडे वाऱ्याने झडायला लागतात. गवत झडलं तर गाय खाते किंवा खत होतं. हा कचरा शेजारच्या शेतांत जाईल.

मी स्वतः स्लॅबच्या घरात राहतो, हेही सांगून टाकतो. आईला घरकुल मिळालं तेव्हा आम्ही गवताचं घर पाडलं आणि कोणालाही वाईट वाटलं नाही, मामांनाही नाही. ज्याच्याकडे पर्याय नाही त्याने गवतात राहावं आणि शहरातल्या माणसाने त्याचे फोटो काढावेत, असं मला वाटत नाही. तुमच्याकडे मात्र उलटं आहे. तुमच्याकडे लोक पैसे देऊन गवताखाली झोपायला येतात. तुमच्या दारावर 'पारंपरिक कुटी' असा फलक आहे, माहितीपत्रकावर आमच्या चार नंबरचा फोटो आहे. छत प्लास्टिकचं होणार असेल तर तो फलक आणि तो फोटो दोन्ही काढावे लागतील. माझ्या मते ही सगळ्यात साधी मागणी आहे, खर्चही नाही.

राहिलं गवत. तुम्ही म्हणाल आता मिळत नाही, आणि ते थोडं खरं आहे. गावाच्या पडीक जमिनींवर प्लॉट पडले, जिथं कुसळी कमरेएवढी व्हायची तिथं लेआउटचे दगड आहेत. जंगलात आहे, पण १९२७ च्या वन कायद्यानुसार जंगलातलं गवतही वनोपज आहे, परवानगीशिवाय भारा आणला तर गुन्हा. आणि तेच गवत उन्हाळ्याआधी, वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढताना, कापून जाळलं जातं. तुमची संस्था सरकारी आहे. सरकारी कार्यालयाने सरकारी कार्यालयाला एक पत्र लिहिलं तर ते आधी कापता येईल. आम्ही सात माणसं विळे घेऊन तयार आहोत.

तर मागतो काय?

एक, निविदा थांबवा आणि सहाही कुट्यांची वेगवेगळी पाहणी करा. पाहणीला शाकारणारा एक माणूस सोबत घ्या, आम्हीच हवेत असं नाही, भंडाऱ्याकडचा घ्या, गडचिरोलीचा घ्या, पण छपरावर चढता येणारा घ्या.

दोन, त्या दोन पसरट कुट्यांचा सांगाडा उचला. तो उचलल्याशिवाय त्यांवर गवत घालू नका. घालायला सांगितलं तरी आम्ही घालणार नाही.

तीन, प्लास्टिकचे कागद आधी काढा. हे उद्याही करता येईल.

चार, वायरिंग बदला. गवत ठेवा की काढा, हे करावंच लागेल. माझी मजुरी यात नको, दुसऱ्या कोणाकडून करून घ्या, म्हणजे मी स्वतःसाठी बोलतोय असं होणार नाही.

पाच, वार्षिक देखभालीची रक्कम आणि मजुरांचा विमा अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवा. दरसूचीत बाब नसेल तर दरविश्लेषण करून नवी बाब मंजूर करून घ्या. मोठ्या कामांना ते करता येतं, मला माहीत आहे, मी त्या कामांवर वायर ओढली आहे. आणि शाकारणाऱ्याकडे तीन वर्षांच्या उलाढालीचा दाखला मागू नका. त्याच्याकडे विळा आहे.

सहा, दरवर्षीच्या दुरुस्तीच्या वेळी गावातली दोन पोरं मजुरी देऊन आमच्या हाताखाली द्या. आमच्या सातजणांत चाळिशीच्या आतला एकच आहे, आणि त्याने मागच्या महिन्यात बुटीबोरीला कंपनीत अर्ज टाकला आहे.

हे पत्र मी मामांना वाचून दाखवलं. त्यांनी मध्येच थांबवलं. "एवढं कायले लिवतं? सायबाले इतकंच सांग, गवताले काही होत नाही, पाहणारा पायजे." मी म्हटलं, तेवढं लिहिलं तर साहेब फाईलला लावणार नाहीत.

घाई एवढ्यासाठी, की दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं, बी झडतं आणि कापायला तयार होतं. नंतर वारा आणि गुरं त्याला आडवं करतात, मग वणवे. नोव्हेंबर-डिसेंबरात कापलं नाही तर पुढच्या पावसाळ्याला गवत नाही, आणि मग तुमचा पत्रा आपोआपच मंजूर होईल. म्हणून दिवाळीच्या आत उत्तर द्यावं. 'नाही' असेल तरी लेखी द्यावं.

आपला,
रामटेक तालुक्यातला एक शाकारणारा

ता. क. निविदा थांबलीच नाही, तर छप्पर उतरवायला येणाऱ्यांना एक निरोप द्या. चार नंबरच्या कुटीत, आतून, दारापासून तिसऱ्या वाशाला, मामांची सुई खोचलेली राहून गेली आहे. ती कचऱ्यात टाकू नका, चौकीदाराकडे ठेवा. मी येऊन घेऊन जाईन.